बाईंच्या पायाखालची सुतळी

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे. ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल, अक्षरही गिचमिड आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. हे कुणाला दाखवायला लिहिलेलं नाही. पण उद्या कुणाच्या हाती लागलंच, तर सरोजिनी भोरकर ही बाई घरात कशी होती ते त्याला कळावं, एवढंच मनात आहे. बाई गेल्या तेव्हा पेपरात त्यांच्याबद्दल पुष्कळ छापून आलं. त्यातलं काही खोटं नव्हतं. पण बाई किती घाबरायच्या, ते कुणीच लिहिलं नाही.

नाटक सुरू व्हायच्या आधी त्या विंगेत उभ्या राहायच्या आणि माझं मनगट धरायच्या. हात गार पडलेला असायचा. माझ्या बांगड्या माझ्याच हाडात रुतायच्या इतकं घट्ट धरायच्या. ओठ कोरडे, डोळे मिटलेले. आत जायची वेळ झाली की हात सोडायच्या आणि उजेडात जाताना वेगळ्याच बाई होऊन जायच्या. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं, यांना बरं वाटत नाही. मी म्हटलं, "बाई, पानी आनू का?" तर म्हणाल्या, "पाणी नको. भीती आहे ती, राहू दे. पोटात गोळा आला नाही ना हौसा, तर समजायचं आज नाटक पडणार."

मी स्वतः जन्माची भित्री. माझं माहेर गुंजवण्याचं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. लग्नात उखाणा घ्यायचा तर मी रडले होते, अजून जावा हसतात. मालक कापूरहोळला गॅरेजात कामाला लागले म्हणून आम्ही भोरात खोली घेतली, आणि शेजारणीने मला बाईंच्या घरी धुण्याभांड्याला लावून दिलं. एवढ्या मोठ्या नटीच्या घरी जायचं म्हणून मी पहिल्या दिवशी दारातच उभी राहिले. हाक मारायचंही धाडस होईना. बाई आतून म्हणाल्या, "कोण आहे ते आत या. भीक मागायला आला असाल तर मागच्या दाराने या, तिकडे भाकरी आहे." मी मागच्या दाराने गेले. मग खूप हसल्या, आणि मला समोर बसवून ती भाकरी खायला लावली.

बाईंचा जन्म भोरचाच. वडील कचेरीत कारकून होते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये काम केलं, मग गणपतीतल्या नाटकात केलं, आणि वडिलांनी तोंड फिरवलं तेव्हा एका पिशवीत दोन साड्या घालून एसटीने पुण्याला गेल्या. आडनाव बदलून भोरकर लावलं. म्हणायच्या, "वडिलांनी त्यांचं नाव लावू नकोस म्हणून सांगितलं. मग गावाचं लावलं. गावाने काही विचारलं नाही." पुढे नाटकं केली, सिनेमे केले. आधी नायिकेची मैत्रीण, मग वहिनी, मग आई. "नायिका मी कधी झालेच नाही," असं त्या सांगायच्या. "नाकामुळे. पण नायिका दहा वर्षांत घरी बसतात. आई कधी म्हातारी होत नाही, ती आधीच म्हातारी असते."

म्हातारपणी त्या टीव्हीच्या मालिकेत खाष्ट सासू झाल्या, तेव्हा आम्हाला भोरच्या बाजारात फिरणं मुश्कील झालं. एका मंगळवारी भाजीवालीने त्यांना मेथी द्यायला नकार दिला. म्हणाली, "त्या पोरीला तीन दिस उपाशी ठिवलं तुमी. वर माझ्याकडं कोथिंबीर फुकाट मागता व्हय?"

बाई लगेच हात जोडून म्हणाल्या, "चुकलं हो माझं. पण ती सून पण काही कमी नाही. उद्याच्या भागात बघा."

"काय करती उद्या?" भाजीवालीने विचारलं.

"ते मेथी दिलीत तर सांगते."

मेथी मिळाली, कोथिंबीरही मिळाली. घरी येताना बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. मला वाटलं, मायेने ठेवला. तो मायेने नव्हता ठेवला, ते मला पुढे कळलं.

एकदा फरशी पुसायची म्हणून मी स्टूल उचलून दाराकडे ठेवलं. बाई आतून आल्या आणि सरळ त्या स्टुलावर आदळल्या. गुडघा फुटला. मला इतक्या ओरडल्या की मी मोरीत जाऊन बसले. जरा वेळाने त्या भिंतीला हात लावत आल्या आणि मोरीच्या उंबऱ्यावरच बसल्या. म्हणाल्या, "हौसा, तुझी चूक नाही. मला कडेचं दिसत नाही. मधलं तेवढं दिसतं, जसं नळीतून बघावं तसं. आणि नळी रोज बारीक होत चालली आहे."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. ऑपरेशनसाठी बाईंनी नाटकाच्या निर्मात्याकडून, अण्णांकडून, पुढच्या प्रयोगांची उचल घेतली होती. ऑपरेशन झालं, पैसे संपले आणि नजर काही परत आली नाही. आता प्रयोग केल्याशिवाय उचल फिटणार नव्हती. आणि बाईंना दिसत नाही हे कळलं असतं, तर अण्णांनी त्यांना रंगमंचावर पाऊल ठेवू दिलं नसतं. "कंपनीचा पैसा अंगावर ठेवून घरी बसणारी नटी मी बघितली आहे," बाई म्हणाल्या. "तिच्या मयताला लोक पैशाचं बोलत होते. माझ्या मयताला माझ्या कामाचं बोलले पाहिजेत." मग त्यांनी माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि कुणाला सांगणार नाही असं वदवून घेतलं.

 तेव्हापासून बाई मला प्रत्येक प्रयोगाला सोबत नेऊ लागल्या. अंगावर रंगमंचाचे दिवे पडले की त्यांना त्या नळीतलंही दिसायचं नाही, सगळं पांढरं व्हायचं. समोर कड असायची, आणि कडेच्या खाली काय असेल ते दर गावात वेगळं. त्यावर बाईंनीच तोड काढली होती. रंगमंच रिकामा असताना मी कडेपासून दोन हात आत, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड सुतळी चिकटपट्टीने चिकटवायची. नाटकात बाई खेड्यातल्या आईचं काम करायच्या, त्यामुळे पाय अनवाणीच असायचे. तळव्याला सुतळी लागली की थांबायचं. कुणी विचारलं तर बाई सांगायच्या, "ही रंगदेवतेची रेघ आहे. माझ्या गुरूंनी सांगितलेली. ओलांडली तर नाटकाला नाट लागतो." नाटकातली माणसं असल्या गोष्टीला कधी हसत नाहीत. उलट कंपनीतली बाकीची मंडळीही त्या रेघेला पाया पडून मग कामाला जाऊ लागली.

एकदा मी अण्णांसमोर सुतळी चिकटवत होते. ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. माझ्या बोटांना चिकटपट्टी सुटेना. ते म्हणाले, "मावशी, बाईंची देवता भलतीच कडक दिसते." मी मान हलवली.  त्यांना संशय आला होता का, ते मला आजही सांगता येणार नाही.

मग भोरचा प्रयोग आला. गावच्या लेकीचा सत्कार आणि त्यानंतर नाटक. शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. पाली, गुंजवणे, पार वेल्ह्याच्या अंगाची माणसं टेम्पो करून आली होती. रंगमंच फळ्यांचा, माणसाच्या छातीएवढा उंच, आणि त्याच्या पुढे खाली लोखंडी स्टँडवर दिवे लावलेले. मी दुपारीच सुतळी चिकटवली, दोनदा हात फिरवून बघितली आणि बाईंना तयार करायला शाळेच्या खोलीत गेले.

सत्कार खाली मांडवात झाला. गावातल्या बायकांनी बाईंची ओटी भरली. नारळ, खण आणि पसाभर आंबेमोहोर. बाईंचे डोळे भरून आले होते. "वडील असते तर मागच्या रांगेत तरी बसले असते का गं?" असं त्यांनी मला हळूच विचारलं. मी ओटी माझ्या पिशवीत घेतली आणि बाईंच्या कोपराला धरून त्यांना मागच्या बाजूने विंगेत आणलं. दुसरी घंटा झाली होती. मी रंगमंचाकडे बघितलं.

सगळ्या फळ्यांवर लाल गालिचा अंथरला होता. जाड, पाऊल रुतेल असा, आणि पुढून कडेवरून खाली सोडलेला. सुतळी त्याच्याखाली गेली होती. कड कुठे संपते ते डोळसालाही नीट कळलं नसतं. संयोजकांतले एक जण कौतुकाने बघत उभे होते. मी त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "भाऊ, ह्ये काढता का?" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"काय म्हणता, मावशी?"

"गालिचा काढा."

"अवो, तालुक्यातल्या मोठ्या घरनं मागून आणलाय त्यो. बाईंच्या पायाला फळ्यांची फट लागाया नको म्हून. गावची लेक हाय." ते हसले. "तुमी नगा काळजी करू. दोन तासांत उचलून नेऊ."

का काढायचा, ते सांगता येत नव्हतं. बाईंच्या डोक्यावर हात ठेवलेला होता. मी परत आले आणि बाईंच्या कानात सांगितलं.  त्यांनी माझं मनगट धरलं. मी म्हटलं, "बाई, अण्णांस्नी सांगू द्या. नाटक न्हाई झालं तर न्हाई."

"माझ्या गावात?" त्या म्हणाल्या. "तिसरी घंटा झाली, हौसा. कड कुठं आहे तेवढं मला कळलं असतं ना, तर बाकी मी निभावलं असतं."

आणि हात सोडून त्या गेल्या.

पहिला प्रवेश मी विंगेतून बघितला. बाई मागच्या मागे राहून काम करत होत्या. ओसरीचा खांब सोडत नव्हत्या. आवाजही मागच्या रांगेपर्यंत जात नव्हता. मांडवात चुळबुळ सुरू झाली. विंगेजवळच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "थकली गं म्हातारी. येवढं नाव आन् ह्ये काम?" बाईंना ते ऐकू गेलं. त्यांचा चेहरा बदलला, ते मी बघितलं. मला माहीत होतं, आता पुढचा प्रवेश अंगणाचा. नाटकातली मुलगी घर सोडून गेलेली असते, आणि तिची आई रोज तिन्हीसांजेला अंगणाच्या टोकाला येऊन रस्त्याकडे बघते. ते टोक म्हणजे रंगमंचाची कड. तो प्रवेश खांबाला धरून होत नाही. आणि बाईंनी खांब सोडला.

पुढचं मी ठरवून केलं असं कुणाला वाटलं तर ते खरं नाही. ठरवायला वेळच नव्हता. विंगेत नाटकाच्या सामानात एक सूप टेकवून ठेवलेलं होतं. रिकाम्या सुपाचा आवाज होत नाही. मी ओटीतले तांदूळ त्यात ओतले. ओटीचे तांदूळ असे पाखडू नयेत, हे मनात आलं आणि हात तसाच पुढे गेला. मी डोक्यावर पदर घेतला आणि बाहेर गेले.

दिव्यांमुळे मला काहीच दिसेना. बाईंना हे असंच दिसत असणार, हे तेव्हा मला कळलं. समोरचा काळोख माणसांनी भरलेला होता, खोकत होता, हलत होता. त्यात माझ्या गावचे लोक होते, दीर-जाऊ होती.  मी गालिच्यावरून पावलाने चाचपत गेले, कड लागली तिथे तिच्याकडे पाठ करून खाली बसले आणि पाखडायला लागले. तांदूळ आधी सगळे उडाले. मग ताल लागला.

बाई बोलत बोलत पुढे येत होत्या. अगदी दोन पावलांवर होत्या. सुपाचा आवाज ऐकला आणि थांबल्या. मान कलती केली. मी बांगड्या मुद्दाम वाजवल्या.

"कोण, हौसा का?" बाईंनी आईच्या आवाजात विचारलं. "तिन्हीसांजेला पाखडू नये गं. लक्ष्मी जाते."

मांडवातल्या बायका हसल्या. मला काहीतरी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. बाईंनी क्षणभर वाट बघितली, मग लोकांकडे तोंड करून म्हणाल्या, "ही बोलत नाही. पण असते."

आणि मग बाईंनी काम केलं. ते मला सांगता येणार नाही. मी खाली मान घालून बसले होते, त्यांचे अनवाणी पाय तेवढे दिसत होते. ते पाय माझ्यापर्यंत यायचे, वळायचे, पळत मागे जायचे, पुन्हा यायचे. आवाज पार मैदानाच्या टोकाला जात होता. मला एकच भीती, आपला हात थांबला तर बाई पडतील. खांदे भरून आले तरी मी पाखडत राहिले. शेवटी मांडवात चिडीचूप झालं आणि माझ्या सुपाशिवाय कसला आवाज उरला नाही. पडदा पडला तेव्हा मी तिथेच बसून होते. मला उठवायला दोन माणसं लागली.

लोकांना वाटलं, मी नाटकातलीच. जाऊ म्हणाली, "काय गं, आमाला सांगितलं पन न्हाई."

अण्णांना मात्र कळलं. त्यांनी गालिच्याचा कोपरा उचलून खालची सुतळी बघितली. मग कोपरा खाली टाकून ते निघून गेले. मी रात्रभर घाबरून होते, आता काय होणार म्हणून. सकाळी बाईंनी मला फोन लावायला सांगितला आणि अण्णांना स्वतःच सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाल्या, "प्रयोग आता करत नाही. उचल बुडवणार नाही. कशी देईन ते माहीत नाही, पण देईन." अण्णा काहीतरी समजुतीचं बोलत होते, पण बाईंनी फोन माझ्या हातात दिला.

मी विचारलं, "माझ्यामुळं कळलं का वो त्यास्नी?"

बाई म्हणाल्या, "मी पडायला तयार होते, हौसा. तो माझा धंदा आहे. पण तू कडेला पाठ करून बसलीस. मी चुकले असते तर तुला घेऊन खाली गेले असते. हे माझ्या लक्षात आलं आणि पहिल्यांदा मला वाटलं, पुरे."

त्यानंतर बाईंनी जे काम मिळेल ते केलं. आवाजाची कामं केली. त्यांचे संवाद मी वाचून दाखवायचे, एकेक अक्षर लावत. बाई कधी चिडल्या नाहीत. म्हणायच्या, "तू अडतेस तिथं मला विचार करायला वेळ मिळतो." रेकॉर्डिंगच्या बंद खोलीतही त्या माझं मनगट धरायच्या. मग एका मालिकेत अंथरुणाला खिळलेल्या आजेसासूचं काम मिळालं. नुसतं डोळे मिटून पडायचं, मधूनच कण्हायचं. बाई खूश झाल्या. "जन्मभर उभं राहून मिळाले नाहीत इतके पैसे झोपून मिळताहेत," म्हणाल्या. पण शॉट लागायच्या आधी पलंगाच्या आडून त्यांचा हात माझ्याकडे यायचा. तसाच गार. आलेल्या पैशातून घरापुरते ठेवून बाकीचे त्या अण्णांना पाठवायच्या.

शेवटच्या आजारात बाईंना दवाखान्यात न्यायचं होतं. रिक्षा दारात उभी होती. त्यांनी उशीखालून एक पाकीट काढलं आणि म्हणाल्या, "हे अण्णांचे राहिलेले. फोनवरून पाठवू नकोस, हातात नेऊन दे." मी म्हटलं, "तुमी बऱ्या होऊन या, आपन दोघी जाऊ." बाई हसल्या. दवाखान्यात त्यांना आत नेताना मला दारापाशीच थांबवलं. तोवर त्यांनी माझं मनगट धरलं होतं. परिचारिकेने बोटं सोडवली. दुसऱ्या दिवशी बाई गेल्या.

तेरावा झाल्यावर मी पाकीट पदरात बांधलं आणि पुण्याच्या एसटीत बसले. एकटी पुण्याला मी कधी गेले नव्हते. अण्णांच्या ऑफिसात पाच-सहा माणसं बसली होती, सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी पाकीट टेबलावर ठेवलं. अण्णांनी ते परत माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, "मावशी, बाई गेल्या, हिशेब संपला. हे तुम्ही ठेवा. तुमचाही हक्क आहे त्याच्यावर."

माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. पोटात गोळा आला होता. मी पाकीट पुन्हा त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, "न्हाई अण्णा. बाईंची उचल हाय. मोजून घ्या."

 अण्णांनी चष्मा लावून सगळ्यांसमोर नोटा मोजल्या आणि म्हणाले, "फिटली. पै न् पै फिटली."

मी हात जोडले आणि बाहेर आले.